दुखण्याची फेरी

अंगठा टाचेच्या मागच्या कडेवर दाबून ताईने विचारलं,

"इथं दुखतं?"

"नाही."

"आणि इथं?"

"तिथं गुदगुल्या होतात."

कोर्टाच्या कडेला पाय पसरून बसलेली सगळी पोरं खो खो हसली. पेन्सिलही हसली, पण जरा उशिरा, आणि हसता हसता तिने पाय हळूच मागे ओढून घेतला. ते ताईच्या नजरेतून सुटलं नाही. दुखणं लपवणारी माणसं ओळखायचं शिक्षणच तर ती घेत होती.

पेन्सिल हे नाव सरांनी ठेवलेलं. वर्षभरात पोरगी इतकी उंच झाली होती की पँटचा दुमडलेला काठ उसवून उसवून तिच्या आईने शेवटी हात टेकले. बास्केटबॉलमध्ये उंचीला मोल असतं, पण हिच्या उंचीला वेगाची सोबत अजून मिळालेली नव्हती. चेंडू आला की ही आधी दचकायची, मग हात पुढे करायची, आणि तोवर चेंडू तिसऱ्याच कुणाकडे गेलेला असायचा. तरी सगळ्यांच्या आधी येऊन कोर्ट झाडणारी हीच, आणि आता घरी जा म्हणून दोनदोनदा सांगावं लागायचं तेही हिलाच.

फेरी पुढे सरकली. कुणाची मांडी, कुणाचं मनगट. एकाने कान दुखतो म्हणून सांगितलं, तेव्हा "तो आईने पिळलेला असणार, माझ्या खात्यात येत नाही," असं म्हणून ताईने त्याला उठवलं. ही दुखण्याची फेरी म्हणजे मामाची कल्पना. सराव संपला की प्रत्येकाजवळ बसून विचारायचं, कुठं दुखतंय? आणि मग जे कळेल ते मामाच्या कानावर घालायचं. पोरांचे सर म्हणजे ताईचा सख्खा मामा. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप आली तेव्हा तिच्या मैत्रिणी मोठमोठ्या हॉस्पिटलांत चिकटल्या. हिने मात्र हट्टाने वस्तीतल्या मुलांचं हे केंद्र मागून घेतलं. लहानपणी ती स्वतः याच कोर्टावर खेळली होती, आणि मामासारखा माणूस दुसरा नाही याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती.

केंद्राच्या भिंतीवर पोरांनी वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, 'इथे कुणालाही काढत नाहीत.' निवड नाही, चाचणी नाही. येईल तो संघात, आणि संघात असेल त्याला प्रत्येक सामन्यात चारपैकी निदान एक डाव खेळवायचाच. सूट फक्त दुखापत झालेल्याला. दुसऱ्या केंद्रांचे प्रशिक्षक या नियमाची टिंगल करायचे आणि मग मामाच्या संघाकडून हरायचे. असला नियम पाळून हा माणूस जिंकतो कसा, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. ताईला कोडंच पडलं नव्हतं. मामा म्हणजे मामा.

सगळे पांगले तरी पेन्सिल बुटाच्या नाडीशी खेळत मागे रेंगाळली.

"ताई, खरं सांगू? सकाळी दुखते टाच. पलंगावरून पाय खाली टेकला की एकदम. मग चालायला लागले की जाते."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर कसं सांगणार? तुम्ही सरांना सांगू नका. बसवतील मला."

"वेडी का तू? इथं कुणाला बसवत नाहीत. भिंतीवर काय लिहिलंय?"

पेन्सिलने भिंतीकडे पाहिलं. ती अक्षरं रंगवणाऱ्यांत तीही होती.

"तुझी हाडं वाढतायत भराभर," ताईने तिची टाच पुन्हा हातात घेतली. "मागचा स्नायू बिचारा मागे पडलाय, म्हणून ओढ बसते. तुझ्या वयाच्या निम्म्या पोरांना होतं हे. पायरीवर उभं राहून असा ताण द्यायचा, सकाळ-संध्याकाळ. बाकी खुशाल खेळ."

"पण सरांना..."

"त्यांना मी नीट सांगेन. घाबरू नकोस."

आणि तिने नीटच सांगितलं. मामा चेंडू जाळीच्या पिशवीत भरत होता.

"पेन्सिलची टाच सकाळी दुखते म्हणे. वाढीचं आहे, काळजीचं काही नाही. खेळायला अजिबात हरकत नाही."

"कुठली टाच?"

"उजवी."

"बरं," पिशवीचं तोंड आवळत मामा म्हणाला. "डॉक्टरीणबाई, तुम्ही आलात आणि माझं निम्मं ओझं उतरलं बघा."

ताईला मनापासून बरं वाटलं. मामाने पाठ थोपटली की तिला अजूनही शाळेतल्यासारखं वाटायचं. ती शिकली होती ती त्याच्यामुळेच. पेन्सिलच्या वयाची असताना तिचा गुडघा कुरकुरायला लागला आणि मामाने वेळेवर ओळखून तिचा खेळ थांबवला. पाहुणे आले की आई ती गोष्ट हटकून सांगायची, भावाचं कौतुक म्हणून. खेळ सुटला, पण दुखरा गुडघा घेऊन जगणाऱ्या माणसांसाठी आपण काहीतरी करायचं हे ताईच्या डोक्यात तेव्हाच बसलं. कॉलेजात मुली एकमेकींवर तपासणीचा सराव करायच्या तेव्हा हिच्या गुडघ्यात कुणालाच काही सापडायचं नाही. बाईंनी स्वतः वाकवून, फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, उत्तम सांधा आहे. "मामानं वेळेवर थांबवलं ना," ताईने सगळ्यांना अभिमानाने सांगितलं होतं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी ती सामानाच्या खोलीत चेंडूंमध्ये हवा भरत बसली होती. खोलीची खिडकी पायऱ्यांवर उघडते. पायऱ्यांवर कुणीतरी येऊन बसलं, आणि मग मामाचा आवाज आला. नेहमीचा शिट्टीवरचा आवाज नव्हता तो, मऊ होता.

"बस. टाच कशी आहे?"

"बरी आहे सर." पेन्सिलचा आवाज एकदम बारीक झाला. "दुखत नाही आता."

"सांगायला लाजू नये बाळा. आपल्या ताईशी बोललोय मी. तिनं तपासलंय तुला. आत्ता दामटून खेळलीस तर आयुष्यभराचं दुखणं मागं लागेल."

पंपाचा दांडा ताईच्या हातात वर तसाच राहिला. आपण असं म्हणालो? कधी? ती उठून खिडकीतून काही बोलणार, तेवढ्यात तिला पुढचं वाक्य ऐकू आलं. मामा ते अजून बोललाच नव्हता. तिला ते पाठ होतं.

"मोठी खेळाडू व्हायचंय ना?" मामा म्हणाला. "मग आधी थांबायला शिकायचं."

मग त्याने पेन्सिलच्या डोक्यावर हात ठेवला असणार. ताईला ते दिसत नव्हतं, पण तिच्या स्वतःच्या डोक्यावर तो हात जड झाला. याच पायऱ्या. हाच मऊ आवाज. तेव्हा फक्त 'ताईशी'च्या जागी 'डॉक्टरांशी' होतं.

"उद्या बाकावर मला कुणीतरी शहाणं माणूस लागणार," मामा सांगत होता. "पाण्याच्या बाटल्या तुझ्या ताब्यात."

"चालेल सर," पेन्सिल म्हणाली. ती रडत नव्हती. उलट थोडी फुगलीच होती.

ताईही तेव्हा रडली नव्हती.

पेन्सिल गेल्यावर मामा खोलीत आला. भाचीला खाली बसलेली पाहून तो दारातच थबकला, पण थबकला तेवढंच. खुंटीवरची शिट्टी काढून त्याने गळ्यात घातली.

"मी असं काही सांगितलं नव्हतं, मामा."

"ठाऊक आहे गं. उद्याचा सामना कसा आहे ते तू बघतेयस ना? एक डाव तिला द्यायचा म्हणजे एक डाव समोरच्याला फुकट द्यायचा."

"मग तसं सांग तिला."

"काय सांगू? तू नालायक आहेस म्हणून?" मामा हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं मी एकाही पोराला नाही म्हटलेलं नाही. दुखणं हे फार सभ्य कारण आहे बघ. त्यात कुणाचा अपमान होत नाही. घरचे काळजी करतात, चार लोक विचारपूस करतात. पोर रडत घरी जात नाही."

"माझा गुडघा कुठल्या डॉक्टरांनी बघितला होता?"

मामाने शिट्टीची दोरी सरळ केली. मग पुन्हा सरळ केली.

"तू फार हळू होतीस," तो म्हणाला. "जीव ओतून खेळायचीस, पण हळू. तुझ्या तोंडावर मला सांगवेना. बहिणीची पोर. एकदा धावताना गुडघा चोळलास, मी म्हटलं, चला, सुटलो. तुझा चेहरा कसला खुलला होता त्या दिवशी! सगळ्या कोर्टभर लंगडून दाखवत होतीस."

"मी त्यावर आयुष्य उभं केलंय, मामा."

"बघ!" मामा मनापासून म्हणाला. "चांगलंच झालं ना मग?"

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. खोटं पकडलं गेलं की माणूस खाली बघतो अशी तिची समजूत होती. मामा तिच्याकडे प्रेमाने बघत होता.

"आणि मी विचारत फिरते ते? कुठं दुखतंय, कुठं दुखतंय? ते तुला यासाठी हवं होतं?"

"अगं, पोरांची काळजी नको का घ्यायला? तुला सगळी मोकळेपणानं सांगतात. मला कुठं सांगतात?"

घरी आल्यावर तिने आईला फक्त एवढंच विचारलं, माझ्या गुडघ्याला खरंच काही झालं होतं का? आई कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी पुरी झाली, दुसरी झाली.

"मामा काही बोलला वाटतं," आई म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून. आता एवढी मोठी झालीस, आता काय त्याचं?"

म्हणजे दर पाहुण्यासमोर, दर वेळी, आई ते जाणूनबुजून सांगत होती. ताईने वाद घातला नाही. ज्यांच्या जिवावर आपण निर्धास्त होतो त्या दोघांनी आपल्याला हातोहात फसवलं, आणि वर त्यांचे आभारही आपल्याकडून वदवून घेतले. स्वतःच्या खोलीत जाऊन तिने दार लावलं आणि गुडघा पोटाशी घेऊन बसली. सहज वाकला तो. नेहमीच वाकायचा.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या चारी बाजूंना पालकांची गर्दी होती. मामाने संघ काढला होता तो अगदी निवडून काढावा तसा. बाकाच्या एका टोकाला दुखापतवाले. पेन्सिलने पूर्ण गणवेश घातला होता, आणि उजव्या पायाला मोज्यावरून मामाने स्वतःच्या हाताने बँडेज बांधलेलं होतं. तिच्या शेजारी एक मुलगा हात गळ्यात बांधून बसला होता. हा ताई यायच्या आधीपासूनचा. झोपेतून उठताना खांद्यात कळ आली एवढं तो कधीतरी बोलला होता म्हणे. "मोठ्या डॉक्टरांचं चालू आहे, तू हात लावू नकोस," असं मामाने बजावलं होतं, आणि तिने लावला नव्हता. झोळीची गाठ सैल झाली की ती तेवढी रोज आवळून द्यायची.

पहिले दोन डाव संपले. संघ जेमतेम पुढे होता. ताई पेन्सिलसमोर गुडघ्यांवर बसली.

"फार घट्ट झालंय का?"

"नाही. पण ताई, सर म्हणाले ते खरं होतं. रात्री केवढी दुखली टाच! दिवसासुद्धा दुखायला लागलीय."

ताईने तिचा पाय मांडीवर घेतला. दाबून पाहण्यात काही अर्थ नव्हता.

"तुझ्या टाचेला काहीही झालेलं नाही."

"तुम्हीच सांगितलंत ना सरांना, खेळवू नका म्हणून?"

"मी सांगितलं होतं, खेळवा म्हणून."

पेन्सिलने कोर्टाकडे पाहिलं, मग मामाच्या पाठीकडे. चेंडू पकडायला तिला वेळ लागायचा, हे पकडायला लागला नाही.

"मी असले की आपण हरतो म्हणून?"

नाही गं, तसं काही नाही. किती सहज जिभेवर आलं ते. गोड होतं, तयार होतं, आणि घरचंच होतं. ताईने ते गिळलं.

"सरांना तसं वाटतं," ती म्हणाली. "तू हळू आहेस. पण एक डाव तुझा आहे. तो कुणी काढून घेऊ शकत नाही."

पेन्सिल रडेल असं वाटलं, पण तिने नुसतं विचारलं,

"मी तुम्हाला म्हटलं होतं ना, सरांना सांगू नका म्हणून?"

"हो."

"मग?"

पेन्सिलने ताईच्या मांडीवरचा पाय काढून घेतला आणि ती वाकून बँडेज सोडायला लागली. ताईने मदतीला हात पुढे केला, तर तिने कोपराने बाजूला सारला. बँडेजची गुंडाळी बाटल्यांशेजारी ठेवून तिने बूट चढवला, उठली आणि सरळ मामासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझा पाय बरा झाला. मला डाव द्या."

मामाने आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग गुणफलकाकडे.

"असं एका रात्रीत बरं होत नसतं बाळा. जा, बस. पुढच्या वेळी नक्की."

"झालाय बरा."

"विचार हवं तर आपल्या ताईला." मामा वळला. त्याच्या चेहऱ्यावर तोच विश्वास होता, घरच्या माणसावर असतो तो. "काय डॉक्टरीणबाई? खेळायचं का हिनं अशा टाचेवर?"

बाकावरचे सगळे तिच्याकडे बघायला लागले. दोरीपलीकडे उभी असलेली पेन्सिलची आईसुद्धा पुढे सरकली. ताई उभी राहिली. पुढे जाताना उगाच तिला वाटलं की आपण लंगडतोय.

"तिला कधीच काही झालेलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. टाच चांगली आहे, खेळू दे. तू तिला उलटं सांगितलंस, माझं नाव घेऊन."

पंच घड्याळ दाखवत होते. शेवटी मामाने आत खेळणाऱ्या एका मुलाला हाताने बाहेर बोलावलं आणि पेन्सिलकडे न बघता मान हलवली. ती कोर्टात धावत गेली. आडदांड, ढांगा टाकत, दोन्ही पायांवर सारखीच. ताईच्या बाजूने गेली, पण तिने तिच्याकडे पाहिलं नाही.

शिट्टी वाजली. चेंडू उडाला, लोक ओरडायला लागले.

बाकावर मात्र कुणी ओरडत नव्हतं. गळ्यात हात बांधलेल्या मुलाने दुसऱ्या हाताने मानेमागची गाठ चाचपली. ती काही सुटेना, तेव्हा त्याने झोळीतून हात तसाच बाहेर ओढला. हळूच त्याने तो समोर उचलला, खांद्याच्या रेषेत आणला आणि तिथे थांबला, डोळे मिटून, ओठ दाबून, कळ यायची वाट बघत. थोडा वेळ तसाच राहिला. मग हात आणखी वर नेला. आणखी वर. दंड कानाला टेकेपर्यंत.

त्याने डोळे उघडले. हात वरच ठेवून तो ताईकडे बघत राहिला.